सपाटीवरची धाप

आमचा जिल्हा अजून कुलाबा म्हणवला जात होता त्या काळची ही हकिकत आहे. कर्जत स्टेशनच्या पुलाखाली तिकिटे तपासण्यासाठी रेल्वेने रीतसर नेमलेला माणूस उभा असे. पुलाच्या वर, जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी, कोणीही न नेमलेला एक इसम उभा असे व तो येणाऱ्याजाणाऱ्यांचा श्वास तपासत असे. पहिल्याला चुकवता येत असे, दुसऱ्याला नाही. जिना चढून आलेल्याची छाती जरा वेगाने हलताना दिसली, की सदर इसम हात आडवा करून म्हणे, "थांबा. घ्यायची घाई नको. आधी सोडा. सगळा सोडा. हां. आता नाकानं घ्या. तोंड भाकरीला, नाक वाऱ्याला."

आणि लोक थांबत. या देशाची खरी अडचण हीच आहे की अधिकारपत्र कोणी मागत नाही. काखेत छत्री, हातात पिशवी, खाली गाडीने शिट्टी दिलेली, आणि चांगली शिकलेली माणसे एका निवृत्त व्यायामशिक्षकासमोर उभी राहून गाल फुगवून वारा सोडत आहेत, हे दृश्य मी स्वतः पाहिलेले आहे. मलाही एकदा अडवण्यात आले. ही बेकायदा अडवणूक असून तीबद्दल फिर्याद होऊ शकते, असे मी त्यांना तिथल्या तिथे बजावले. परंतु मला धाप लागलेली असल्यामुळे हे वाक्य पुरे करण्यास मला चार ठिकाणी थांबावे लागले, आणि त्या इसमाने चारही वेळा मान हलवून म्हटले, "बगा. कायदा पाट हाय, पन दम नाय."

या इसमाचे नाव गणपत भोईर. गाव त्यांना भाता मास्तर म्हणे. आणि माझे दुर्दैव असे, की ते माझे शेजारी होते.

आमच्या घराच्या दोन वाटण्यांमध्ये एक फळ्यांची आडभिंत होती. पहाटे कोंबड्याच्याही आधी त्या फळ्यांपलीकडे मास्तरांचा व्यायाम सुरू होई. जोर, बैठका आणि जागच्या जागी धावणे यांबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती आवाजाबद्दल. लोहाराच्या भट्टीत भाता चालावा तसा तो श्वास फळ्यांमधून माझ्या उशाशी येई. आधी सावकाश, मग वाढत वाढत, मग एकदम ताब्यात घेतल्यासारखा संथ. हे ऐकत झोपणे अशक्य. आणि त्याहून संतापजनक गोष्ट ही, की काही वेळाने आपलाही श्वास त्याच तालावर चालू लागतो. माझ्या संमतीविना माझी छाती कोणी चालवावी, हे मला मान्य नव्हते.

मी आयुष्यभर दिवाणी कोर्टात बेंच क्लार्क होतो. तक्रार कशी लिहावी हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. "विषय : शेजाऱ्याच्या श्वासोच्छ्वासापासून होणाऱ्या उपद्रवाबाबत" असा मथळा घालून मी ग्रामपंचायतीस पत्र दिले, नंतर स्मरणपत्र दिले, नंतर स्मरणपत्राची पोच न मिळाल्याबद्दल पत्र दिले. शेवटी सरपंच स्वतः घरी आले आणि ओटीवर बसून म्हणाले, "भाऊसाहेब, गटाराचा ठराव घेतला, दिवाबत्तीचा घेतला. मास्तरांचा श्वास बंद करायचा ठराव कसा घेऊ? सूचक कोण होणार, अनुमोदक कोण?"

फळ्यांपलीकडून आवाज आला, "अनुमोदन मी देतो, सायेब. पन आधी त्यांना खुर्चीतनं उटताना बगा. उटायच्या आधीच फुस्स करतात."

हा मास्तरांचा लाडका सिद्धांत होता : "पाय मागनं, दम आधी." माणूस चालायला लागल्यावर श्वास वाढतो हे खोटे, चालायचे मनात आले की तो वाढतो. पुराव्यादाखल ते आमच्या स्टेशनकडे बोट दाखवत. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाटासाठी मागून जादा इंजिने लागतात, ती कर्जतला लागतात. "घाटात लावतात का? नाय. सपाटीवर लावतात, गाडी उबी असताना. गाडीला ठावं हाय म्होरं काय हाय."

या सिद्धांतापायी शाळेच्या क्रीडास्पर्धेत त्यांनी एका धावपटूला शर्यत सुरू होण्याआधीच बाद केले होते. कारण, शिट्टी वाजण्यापूर्वी त्याची छाती हलली. नियम जाणणारा गृहस्थ म्हणून मला तेथे पंचाच्या खुर्चीवर बसवले होते. मी उठून हरकत घेतली. म्हटले, "मास्तर, तयारी म्हणजे कृत्य नव्हे. कायद्यात तयारी आणि प्रयत्न यांत भेद आहे. छाती हलणे ही तयारी आहे."

"मंग काडेपेटी घेऊन गंजीजवळ बसल्याला तुमी सोडून देनार?"

"काडी ओढेपर्यंत, होय."

"म्हनून तुमच्या कोर्टात येवडी गर्दी," असे म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली. शर्यत त्या धावपटूला सोडूनच झाली. मी त्याही बाबतीत पत्र लिहिले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या फळ्यांपलीकडे पूर्वी एक नव्हे, दोन भाते चालत. दुसरा त्यांच्या मुलीचा, कुसुमचा. ती लहान असतानाच तिची आई गेली, आणि मास्तरांनी तिला जे काही देता येण्यासारखे होते ते दिले. म्हणजे मुख्यत्वे श्वास. नदीवरून हंडा घेऊन ती चढ चढे तेव्हा हे मागून येत. हंड्याला हात लावायला नव्हे, ताल धरायला. "दोन पावलांत घे, तीन पावलांत सोड. खांदं पाड. नाकानं गं, नाकानं." पोर डोक्यावर भरला हंडा घेऊन त्या चढावर बापाशी भांडू शकत असे, इतका तिचा दम पक्का होता. मीही ते भांडण अनेकदा ऐकले आहे. त्याबद्दल मात्र मी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

मग कुसुमने माथेरानात हातरिक्षा ओढणाऱ्या रघू नावाच्या तरुणाशी लग्न केले. नोंदणी कार्यालयात, दोघेही सज्ञान, साक्षीदार पुरते, मुदतीची नोटीस लागलेली. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती. लग्नानंतर ती दोघे पाया पडायला आली. नदीकडचा तो चढ, रघूच्या डोक्यावर तिची पत्र्याची पेटी. मास्तर दारात उभे होते आणि मी माझ्या ओटीवर. जात निराळी होती, धंदा निराळा होता. पण त्यांपैकी कशावरही मास्तरांनी आक्षेप नोंदवला नाही. जावई उंबऱ्याशी आला, मास्तरांनी त्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "ह्यो तोंडानं घेतो."

"आबा, डोक्यावर पेटी हाय त्याच्या," कुसुम म्हणाली.

"हंडा तुज्या पन डोक्यावर व्हता," मास्तर म्हणाले, आणि दार लावून घेतले.

त्या दिवसापासून बापलेकीत एक शब्द नाही. ती वर डोंगरावर, माथेरानच्या बाजारात, रिक्षावाल्यांसाठी खानावळ चालवते, असे येणारेजाणारे सांगत. हे खाली पुलावर उभे राहून परक्यांचे श्वास सुधारत. मला या प्रकरणाचा अतिशय संताप येई. मी त्यांना स्पष्ट विचारले, "मास्तर, तोंडाने श्वास घेणे हे विवाहास आक्षेप घेण्याचे कारण म्हणून कोणत्या अधिनियमात आहे? तुमची केस उभीच राहत नाही."

ते फळीला टेकून बसले होते.  तसेच म्हणाले, "केस कुटं हाय, वकीलसायब? पोर हाय."

मी वकील नव्हतो, हे मी त्यांना शेकडो वेळा सांगितले होते. त्या वेळी मात्र सांगितले नाही.

पुढे माझा रक्तदाब वाढला. आमच्या डॉक्टरांनी दोन पथ्ये सांगितली : रोज चढ चढावा, आणि कोणत्याही कार्यालयास पत्र लिहू नये. दुसरे पथ्य मूलभूत हक्कांवर अतिक्रमण करणारे असल्यामुळे मी ते फेटाळले. पहिल्याची अंमलबजावणी मास्तरांनी, कोणीही न सांगता, स्वतःकडे घेतली. दर रविवारी ते मला एस.टी.ने नेरळला नेत आणि तेथून माथेरानच्या वाटेवर चढवत.

त्यांची पद्धत अशी. चढताना बोलता आले पाहिजे, पण गाता येता कामा नये. बोलता येत नसेल तर वेग जास्त. गाता येत असेल तर तुम्ही चालत नसून मिरवत आहात. शाळेतल्या पोरांना ते पाढे म्हणायला लावत. मला म्हणाले, "तुमी कलमं म्हना."

मी सार्वजनिक उपद्रवाच्या कलमापासून आरंभ केला, कारण ते मला त्यांच्यामुळेच पाठ झाले होते. "जी कोणी व्यक्ती... असे कृत्य करील... की ज्यायोगे जनतेस..."

"मदी कुटं थांबलात? कायद्यात तितं थांबायचं लिवलंय?"

"नाही."

"मंग वेग कमी करा. कायद्याला धाप लागू देऊ नका."

अशा रीतीने मी दंड संहिता चढलो. लवकरच मला उमगले, की व्याख्यांची कलमे मध्यम चढावर बसतात, शिक्षेची छोटी कलमे खड्या चढावर चालतात, आणि ज्या कलमास 'परंतु'ने सुरू होणारे परंतुक जोडलेले आहे ते सावलीत बसल्याखेरीज म्हणू नये. मुंबईहून आलेले एक सहलकरी जोडपे आमच्या मागून येत होते. मी सदोष मनुष्यवधावर आलो तेव्हा ते वाट सोडून झाडीत उभे राहिले. मास्तर मात्र संपूर्ण चढभर बोलत असत. माझ्या खांद्यांबद्दल, माझ्या पोटाबद्दल, सरकारबद्दल, वाटेतल्या माकडांच्या छातीबद्दल. त्यांच्या नाकातून येणारा श्वास इतका संथ असे, की चढ हा प्रकार त्यांच्यापुरता शासनाने रद्द केला असावा असे वाटे.

दस्तुरी नाका आला की ते थांबत. तेथे चढ जवळजवळ संपतो. तिथून पुढे तांबड्या मातीची सपाट वाट, रुळांच्या कडेकडेने, सावलीतून, थेट माथेरानच्या बाजारात जाते. मूलसुद्धा रांगत जाईल. पण मास्तर तेथून परत फिरत. "आजच्यापुरतं झालं." कारणे दर रविवारी वेगळी : ढग आले, चप्पल लागली, तुमचं तोंड पांढरं पडलं. माझे तोंड कधीच पांढरे पडलेले नव्हते. मी नीट निरीक्षण केले तेव्हा दिसले ते निराळेच. त्या नाक्यावर उभे राहून सपाट वाटेकडे पाहताना मास्तरांची बोलती बंद होई आणि छाती वरखाली होऊ लागे. अख्खा डोंगर जो बडबडत चढला, त्याला चढ संपल्यावर धाप लागत होती.

मी डॉक्टरांकडे खुलासा मागितला, अर्थात लेखी. त्यांनी तोंडी दिला. म्हणाले, "भाऊसाहेब, स्नायू काम करू लागले की वापरलेला वायू रक्तात साठतो. मेंदूच्या बुडाशी एक केंद्र आहे, ते तो साठा ओळखतं आणि छातीला हुकूम देतं, जोरात चालव."

"म्हणजे अर्ज खालून येतो आणि आदेश वरून सुटतो."

"बरोबर. पण पहिल्याच पावलाला जो श्वास वाढतो, तो या अर्जाची वाट पाहत नाही. मेंदू पायांना चला म्हणतो, तेव्हाच छातीलाही कळवतो."

"एक प्रत छातीस, माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी," मी म्हटले. माझ्या कारकिर्दीत इतकी तत्पर व्यवस्था मी पाहिली नव्हती.

"आणि काम फार वाढलं की नाक पुरत नाही. तोंड आपोआप उघडतं. तो दोष नव्हे. मास्तरांना सांगा एकदा."

मी सांगितले. मास्तर म्हणाले, "डाक्टरला काय कळतंय? त्यो फटफटीवर फिरतो."

मग तो रविवार आला. दिवाळी होऊन गेलेली, हवा कोरडी, करवंदीच्या जाळ्यांवर धूळ. दस्तुरी नाक्यावर मास्तर नेहमीप्रमाणे थांबले आणि म्हणाले, "चला, फिरू मागं. तुमचं तोंड..."

"माझे तोंड कोरडे पडले आहे," मी म्हटले. "मला चहा हवा आहे. चहा बाजारात मिळतो. दर आठवड्यास मला डोंगरावर आणून बाजाराच्या तोंडावरून विनाचहा परत नेण्याचा तुम्हाला कोणताही अधिकार नाही. मी चाललो."

आणि मी खरोखरच चालू लागलो. मास्तरांपुढे पेच पडला. शिकाऊ माणसाला वाटेत एकटे सोडणे त्यांच्या नियमात बसत नव्हते. मागून त्यांच्या चपलांचा आवाज येऊ लागला. माझ्या पोटाबद्दल काही शेरा येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. थोड्या वेळाने चपलांचाही आवाज थांबला.

वळून पाहतो तो मास्तर रुळांच्या कडेला एका धोंड्यावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि भात्यासारखे चालत होते. वाट इतकी सपाट की गोटी ठेवली असती तर हलली नसती.

"मास्तर, सोडा आधी," मी म्हटले. "सगळा सोडा. आता काही तरी म्हणा. बोलता आले तर चालता येते, तुमचाच नियम आहे. पाढा म्हणा."

त्यांनी मान हलवली. पाढा येईना.

"परत फिरायचे आहे?"

त्यांनी आधी मागे पाहिले, मग बाजाराकडे.

मी रागाने काही तरी बोलणार होतो. शब्द तयारही होते. पण त्यांनी एकदम हात वर केला, पुलावर करत तसाच, आणि वळणाकडे कान लावला. मला आधी काहीच ऐकू आले नाही. मग आले. नाक्याकडून, आम्ही आलो त्याच वाटेने, कोणी तरी येत होते. पावले भरलेली, ओझ्याची. आणि त्या पावलांबरोबर एक श्वास. दोन पावलांत आत, तीन पावलांत बाहेर. फळ्यांमधून वर्षानुवर्षे माझी झोप मोडणारा तो ताल मी कोणत्याही कोर्टात शपथेवर ओळखला असता.

"खांदं पाडलेत," मास्तर पुटपुटले. अजून ती वळणाआड होती.

कुसुम वळणावरून पुढे आली. डोक्यावर नेरळच्या बाजारातली भाजीची पाटी, वर कांद्यांचे पोते, पदर कमरेला खोचलेला. आधी तिला मी दिसलो, आणि मला पाहून ती हसण्याच्या बेतात होती. मग तिने धोंड्याकडे पाहिले. ती थांबली. पाटी हलली नाही. श्वासही हलला नाही. त्याबाबत मी विशेष लक्ष ठेवून होतो.

 अशा प्रसंगी कोणी आधी बोलावे याबद्दल कायद्यात तरतूद नाही, ही एक मोठी उणीव आहे.

ती जवळ आली आणि डोक्यावरच्या ओझ्यासकट बापासमोर उभी राहिली. त्यांच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे तिने काही वेळ पाहिले, जसे ते इतरांच्या छातीकडे पाहत.

"किती वेळ झाला असं होतंय?" तिने मला विचारले.

"दर रविवारी होते," मी म्हटले. "नाक्यापाशी. तिथून परत फिरतात."

तिने ते ऐकले. चेहऱ्यावर काय उमटले ते सांगता येत नाही, कारण पाटीची सावली पडली होती. मग ती पाटी एका हाताने सावरत थोडी वाकली आणि अगदी हळू म्हणाली,

"नाकानं घ्या, आबा."

मास्तरांनी प्रयत्न केला. मी साक्षीदार आहे, त्यांनी खरोखर प्रयत्न केला. नाकपुड्या फुलल्या, ओठ घट्ट मिटले, हनुवटी थरथरली. आणि मग, माझ्या उभ्या ओळखीत पहिल्यांदाच, त्यांचे तोंड उघडले. श्वास घेण्यासाठी उघडले की बोलण्यासाठी, याबद्दल पुरावा अपुरा असल्यामुळे मी निष्कर्ष नोंदवत नाही. मी फक्त जे दिसले ते लिहितो.

कांद्यांचे पोते आणि पाटी तिच्या डोक्यावर होती. तोंड मास्तरांचे उघडले होते.